पट्टीची लाल बाजू

तीस तारखेला शेड रिकामी करून द्यायची होती, आणि वीस तारीख उजाडली तरी गाडी चार लाकडी ठोकळ्यांवरच उभी होती. मालकाने जागा विकली होती. माणूस चांगला, त्याने सहा महिने आधी सांगितलं होतं. त्यातले पहिले तीन महिने मी इकडचे पाने तिकडे आणि तिकडचे पाने इकडे ठेवण्यात घालवले. बायको जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते आणि मला एका जागी बसवत नव्हतं. घरी खुर्चीत बसलो की पाच मिनिटांत उठायचो. जेवायचो तेही ओट्यापाशी उभ्याने.

मुलीने तिच्या घरातली एक खोली माझ्यासाठी रिकामी केली होती. तिच्या बिल्डिंगखाली गाडीसाठी जागाही मिळवली होती. पण एक अट होती.

"बाबा, बंद गाडी आणून ठेवू देत नाहीत," ती म्हणाली. "मागे एकाने आणली, तिच्यात मांजरं व्याली. आता गेटमधून आपली आपण चालत आली तरच आत."

"आणि नाही आली तर?"

"तर काय? तुम्हीच सांगा."

सांगायचं काय, भंगारवाला येऊन बघूनही गेला होता. कलिंगडावर मारतात तशी त्याने दारावर टिचकी मारली आणि म्हणाला, "पत्रा जाड आहे." मी त्याला बाहेर काढलं. मग परत बोलावून त्याचा नंबर लिहून घेतला.

गाडी मूळची सासऱ्यांची. दोनच सीट, वर टप नाही, नाक लांबलचक. सासरे सहा फुटी होते आणि गाडी त्यांच्याच अंगाची. सीट मागच्या पत्र्याला टेकून पक्की बसवलेली, मागे-पुढे सरकत नाही. त्यांनी ती लेकीला दिली. ती होती पाच फूट. पेडलांना पाय पुरत नसत म्हणून पाठीशी जाड उशी घेऊन चालवायची. पस्तीस वर्षं तीच चालवायची आणि मी शेजारी. मला चालवता येत नाही असं नाही. पण ही गाडी तिची. माझं काम म्हणजे गाडी बंद पडली की उतरून ढकलायचं.

बंद तर ती पडायचीच. शहराबाहेर एक चढ आहे, त्याच्या तिसऱ्या वळणावर इंजिन हमखास तापायचं. आम्ही कडेला थांबायचो, मी कॅनमधून पाणी ओतायचो, ती कठड्यावर बसून वर बघायची.

"अहो, यात एखादं नवं इंजिन टाका ना," ती म्हणायची. "साधं. चावी फिरवली की सुरू होणारं. एकदा तरी न थांबता वर जाऊ."

"मूळ इंजिन काढलं की गाडीची किंमत जाते."

"विकायचीय का आपल्याला?"

"नाही."

"मग किंमत कुणाला दाखवायचीय?"

यावर मी फडकं काढून काहीतरी घासायला घ्यायचो. मी टर्नर. पंपांचे भाग करण्यात जन्म गेला. मूळ वस्तूला हात लावायचा नाही, ती आहे तशी दुरुस्त करायची, हे माझं तत्त्व होतं. ते तत्त्व मी अकरा वर्षं सांभाळलं. नंतर तिला चढ चढण्याची ताकद राहिली नाही. पुढे गाडीत बसण्याचीही राहिली नाही.

ती गेल्यावर मी इंजिन आणलं. एका डिलिव्हरी व्हॅनला मागून धडक बसली होती, पुढचा भाग धड होता. त्या व्हॅनमधून पाव पोचवायचे. इंजिन शेडमध्ये आलं त्या दिवशी मेव्हणाही आला. हा बायकोचा धाकटा भाऊ, चष्म्याचं दुकान चालवतो. उंची बहिणीएवढीच. दोघं एकाच साच्यातून काढल्यासारखी. फक्त तिचं बोलणं कमी आणि याचं संपत नाही.

"बाबांच्या गाडीत पावाच्या टेम्पोचं इंजिन!" तो म्हणाला. "भावोजी, बाबा असते तर त्यांनी तुम्हाला उभं केलं नसतं दारात."

"एरवी तरी कुठे करायचे?"

"माणसाचं काळीज काढून कोंबडीचं बसवल्यासारखं आहे हे."

"तुझ्या ताईनेच सांगितलं होतं."

"ताईने काय, तुमच्याशी लग्नही केलं होतं." एवढं बोलून तो स्टूल ओढून बसला. मग म्हणाला, "मी हिला हात लावणार नाही. सांगून ठेवतो."

हात न लावता तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचा आणि स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. जुनं इंजिन मात्र टाकू दिलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत, डोळे तपासायच्या फळ्याखाली नेऊन ठेवलं. गिऱ्हाइकं विचारतात हे काय, तर हा वडिलांचा फोटो दाखवावा तसं सांगत बसतो.

काम अवघड नव्हतं, किचकट होतं. इंजिन बसवायला नवे पाय करावे लागले. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा चार बोटं लांब पडत होता, तो मी लेथवर कापून जोडला. रेडिएटर पुढे सरकवला. पण घोडं अडलं गिअरबॉक्सपाशी. नवा गिअरबॉक्स जुन्याच्या दीडपट जाड. त्याच्यासाठी मधला पत्रा कापून फुगवला, तर तो चालवणाऱ्याच्या पायांच्या जागेत शिरला. तिन्ही पेडलं काढून नव्याने बसवणं भाग होतं.

इथे मला माझी पट्टी सांगितली पाहिजे. मी टेपने माप घेत नाही. माझ्याकडे सागाची एक पट्टी आहे, तिच्यावर खाचा आहेत. स्वयंपाकघराचा ओटा केला तेव्हा ती पट्टी केली. एका बाजूला बायकोची मापं. टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर, कोपर ते तळहात. तिच्या खाचा लाल रंगाने रंगवलेल्या. दुसऱ्या बाजूला माझी, त्यांना रंग नाही. घरात मी जे जे केलं, ते लाल बाजूने केलं. ओटा, शिवणाच्या मशीनचं स्टूल, खिडकीचा कठडा, बाथरूममधला धरायचा दांडा. माझी बाजू कधी लागलीच नाही. मी कुठेही मावतो.

पेडलं बसवायची त्या दिवशी पंचवीस तारीख होती. भिंतीवरच्या खिळ्यावरून पट्टी काढली, मागच्या पत्र्याला लावली, खुणा केल्या, भोकं पाडली, वेल्डिंग केलं. दुपारपर्यंत काम फत्ते. ब्रेकच्या आणि क्लचच्या नळ्यांतली हवा काढताना मी खाली आडवा होतो आणि पेडल हाताने दाबत होतो. सीट बाहेर होती, तिचं कातडं शिवायला दिलेलं.

सत्तावीसला वायरिंगवाला आला. त्याला सगळे करंट म्हणतात. तो वायरी बघून आधी हसला, मग गंभीर झाला.

"काका, इंजिन सुरू होणार नाही. त्याला चावी ओळखीची लागते. व्हॅनच्या चावीत चिप आहे. ती चिप जवळ नसली की कॉम्प्युटर पेट्रोलच सोडत नाही."

"व्हॅनची चावी आहे की. लाव तीच."

"मग तिचं कुलूपही बसवावं लागेल. तुमची जुनी चावी गेली."

जुनी चावी बायकोची होती. पितळेची, तिच्या बोटांनी गुळगुळीत झालेली. मी म्हणालो, "ती जाणार नाही."

करंटने डोकं खाजवलं. शेडमध्ये दोन फेऱ्या मारल्या. मी तीन मारल्या. मग त्याने व्हॅनची चावी फोडली, आतली तांदळाएवढी चिप काढली आणि डॅशबोर्डच्या मागे, चिप वाचणाऱ्या कड्याला टेपने चिकटवून टाकली.

"आता त्याला कायम वाटणार की आपली माणसं जवळच आहेत," तो म्हणाला. "फिरवा तुमची पितळी."

फिरवली. इंजिन लागलं. पहिल्याच फटक्यात, आणि इतक्या हळू आवाजात की मी परत चावी फिरवायला गेलो.

"काका, चालू आहे!" करंट ओरडला. "कानात तेल घाला."

मेव्हणा स्टुलावरून उठला, बोनेटपाशी आला, आणि हात लावणार नाही म्हणालेला हात त्याने इंजिनवर ठेवला. "बरं वाजतंय," तो म्हणाला. "पावाचं असूनसुद्धा."

तीस तारखेला दुपारी शेड रिकामी झाली होती. नवा मालक गेटपाशी कुलूप घेऊन उभा होता. मुलगी तिच्या गाडीत माझे डबे आणि हत्यारं भरून पुढे गेली होती. सीट त्याच दिवशी सकाळी शिवून आली. बोल्ट आवळले, पट्टी सीटमागे सरकवली, गाडी ठोकळ्यांवरून उतरवली आणि आत बसायला गेलो.

मावलो नाही.

गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. पाय क्लचवर गेला तो वर येईना. अंग मागे रेटलं तर मागे पत्रा. तिरका होऊन पाहिलं, बूट काढून पाहिलं. एक गुडघा दारावर, एक गिअरच्या दांड्यावर. त्या अवस्थेत मला गाडी एक फूटही नेता आली नसती.

"काय झालं?" मेव्हणा म्हणाला.

मी सीटमागून पट्टी काढली. पेडलापर्यंत धरली. लाल खाच बरोबर पेडलाच्या मध्यावर आली. केसाचाही फरक नव्हता.

मेव्हण्याने पट्टी बघितली, मला बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मला वाटलं हसतोय. हसतच होता, पण डोळे पुसतही होता.

"भावोजी, टर्नर ना तुम्ही? सुताभराची चूक होत नाही म्हणता?"

"चूक सुताभराची नाहीच. चांगली वीतभर आहे."

"किती वेळ लागेल बदलायला?"

"दोन दिवस. वेल्डिंग तोडायचं, परत करायचं."

गेटवरच्या माणसाने किल्ल्या वाजवल्या. "साहेब, पाचला मशीन येणार आहे पाडायला. दोर बांधून टोचन करून नेताय का?"

टोचन करून नेली असती तर मुलीच्या गेटवर अडली असती. मी खिशातून कागद काढला, भंगारवाल्याचा नंबर होता तो. परत खिशात ठेवला. गाडीभोवती एक फेरी मारली. दुसरी मारताना मेव्हण्याशी धडकलो. तो दारापाशी उभा होता, आणि मी पहिल्यांदाच त्याच्या पायांकडे बघितलं.

"बस," मी म्हणालो.

"मी? मी हात लावणार नाही म्हणालो होतो."

"पाय लाव."

"बाबांनी मला कधी बसू दिलं नाही. म्हणायचे, पाय पुरायला लागले की ये. मग ताई म्हणायची, आधी उशी आण तुझी."

"उशी लागणार नाही. बस."

तो बसला. पाठ टेकली. दोन्ही पाय पुढे केले, आणि ते पेडलांवर असे पडले की मी तोंड फिरवलं. मग शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. माझ्याच जागेवर.

पहिला किलोमीटर तो जीव मुठीत धरून चालवत होता. मुलीचं घर त्याच चढापलीकडे; चढ लागला तसा तो सैल पडला आणि बोलायला लागला. क्लच हलका आहे, स्टिअरिंग जड आहे, लोक बघतायत. मी ऐकत नव्हतो. माझं लक्ष काट्यावर होतं. काटा मधल्या खुणेवर बसला होता, तो हलेचना. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. पायाशी पाण्याचा कॅन होता, तो मी घट्ट धरून बसलो होतो.

तिसऱ्या वळणावर पुढे एक ट्रक अडला. मेव्हण्याने गाडी थांबवली. सगळं शांत झालं. मी दार उघडलं, एक पाय रस्त्यावर टाकला, कॅन उचलला.

"कुठे निघालात?"

"बंद पडली ना."

"भावोजी, चालू आहे ती."

मी डॅशबोर्डवर हात ठेवला. बारीक थरथर लागत होती. उतरायचं कारण नव्हतं, तरी पाय आत घेववेना. कठडा तिथेच होता, ती बसायची तो. ट्रक हलला. मागच्याने हॉर्न दिला.

"बसा की," मेव्हणा हळू म्हणाला. "का थांबू थोडा वेळ?"

"नको," मी म्हणालो. पाय आत घेतला, दार ओढलं. "थांबू नकोस. वर जाऊ दे."

वर गेलो. काटा तसाच. माथ्यावरून पलीकडचं सगळं दिसतं हे इतकी वर्षं काट्यावर डोळा ठेवून बसल्यामुळे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, आणि मेव्हण्याने वेग कमी केला नाही म्हणून नीट दिसलंही नाही.

मुलीच्या गेटवर वॉचमन आडवा आला. "बंद गाडी चालत नाही हो."

"बंद? अरे, कान लाव जरा," मेव्हणा म्हणाला. त्याने इंजिन दोनदा खवळवलं आणि वॉचमनने दांडा वर केला. मुलगी खाली उभी होती. मामाला चालवताना बघून तिने मला काही विचारलं नाही. पट्टी माझ्या मांडीवर होती, तिची लाल बाजू वर.

गाडी जागेवर लागली. मेव्हणा उतरला, पितळी चावी माझ्या हातात दिली, पण गेला नाही. चष्मा काढून पुसत उभा राहिला.

"उद्या पेडलं बदलाल ना?"

"बदलतो. दोन दिवसांचं काम आहे."

"हो, ते करूनच टाका." चष्मा पुसून झाला तरी तो पुसतच होता. "रविवारी दुकान बंद असतं माझं."

मी चावी त्याच्याकडे परत केली.

"ये," मी म्हणालो. "तोवर पेडलं काही बदलून व्हायची नाहीत."