उजव्या पायाची वहाण

पेलेत वेशीत अनवाणी आला.

हे सगळ्यांत आधी मी पाहिलं, कारण मुलाच्या तोंडाकडे बघायचं नाही असं घरातून ठरवूनच निघाले होते. पायच बघत होते. धुळीनं माखलेले, टाचांना भेगा पडलेले, आणि वहाणेचा पत्ता नाही. ऐन कापणीत, जवाचे खुंट तळव्यात घुसतात अशा दिवसांत, माझा शहाणा मुलगा अनवाणी!

कट्ट्यावर दहा पंच बसले होते. मधोमध ओझेर. तो माझ्या मालकांचा चुलतभाऊ, म्हणून मी त्याला भावजी म्हणते आणि तो मला वहिनी. त्यानं डोळे बारीक करून पेलेतच्या पायांकडे पाहिलं.

"काय रे, वहाण कुठंय?"

"तुटली, काका. वादीच तुटली. आता पायात नाही ती वहाण काढायची कशी, ते तुम्ही पंचांनीच ठरवा."

मागं कोणीतरी खिदळलं. पेलेतलाही हसू आलं. "एवढी कापणी होऊ द्या," तो म्हणाला. "मग बघू."

माझ्या शेजारी होगला उभी होती, माझी थोरली सून. दुसरी असती तर रडली असती. ही हळूच म्हणाली, "आई, याला एवढं डोकं असेल असं वाटलं नव्हतं."

"डोकं माझंच आहे ते," मी म्हटलं. "वाईट ठिकाणी जाऊन पडलं."

माझा थोरला, एल्याद, तीन वर्षांपूर्वी टाकं साफ करायला खाली उतरला आणि काठाचा दगड त्याच्यावर कोसळला. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. अशा वेळी काय करायचं ते आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. दिरानं भावजयीला घरात घ्यायचं. पहिला मुलगा होईल त्याला मेलेल्याचं नाव आणि मेलेल्याची जमीन. माणूस मातीत गेला तरी घरात त्याच्या नावानं हाक मारायला कोणीतरी राहतं. दिराला नको असेल तर त्यानं तसं पंचांसमोर सांगायचं. मग ती त्याच्या पायातली वहाण काढते, त्याच्यासमोर थुंकते आणि मोकळी होते. त्याच्या घराला मात्र कायमचं नाव पडतं, वहाण काढलेल्याचं घर.

पेलेतनं दोन्हींतलं एकही केलं नाही.

"आई, जव खळ्यावर येऊ देत." जव आले. "द्राक्षं तुडवून होऊ देत." तुडवून झाली. "जैतून झोडून होऊ देत." तेही झालं, तेल रांजणात भरलं, पाऊस पडला आणि पुन्हा जव पेरले. झऱ्याजवळचं एल्यादचं रान या सगळ्या काळात पेलेतच नांगरत होता. होगलेला मुलगा झाला असता तर ते रान त्या मुलाचं झालं असतं. नाही म्हणावं तर गावात तोंड काळं. म्हणून हा मूग गिळून बसला. आणि होगला? पहाटे जात्यावर, दिवसभर रानात, संध्याकाळी शेळ्यांमागं. ती कोणाची बायको नव्हती आणि दुसऱ्या कोणाची होऊही शकत नव्हती.

खोटं कशाला बोलू, सून म्हणून आली तेव्हा ती मला आवडली नव्हती. पाय माझ्या मुलापेक्षा मोठे. आवाज त्याहून मोठा. विहिरीवरून येताना गाते तेव्हा शेळ्यासुद्धा मान वर करून बघतात. पण एल्यादला टाक्यातून वर काढायचं होतं तेव्हा सगळे पुरुष टाक्याभोवती उभे राहून डोकं धरत होते, आणि दोर कमरेला बांधून खाली उतरली ती हीच. त्या दिवसापासून तिच्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढला तर मी ऐकून घेत नाही. वाकडं बोलायचा हक्क फक्त माझा.

पंच बसायच्या दोन दिवस आधी विहिरीवर पलीकडच्या डोंगरावरचा एक कुंभार भेटला. बायको जाऊन वर्ष झालेला, हात मातीनं फुटलेले, बोलायला लाजाळू. बराच वेळ घागरीशी खेळत उभा राहिला, मग म्हणाला, "मावशी, ती गाणं म्हणत जाते ती तुमची सून ना? मोकळी आहे का?"

"तिचं गाणं तू ऐकलंस, आणि तरी विचारतोस?"

"ऐकलं म्हणूनच विचारतो. माझ्या घरात वर्षभर आवाज नाही."

मला "नाही" म्हणावं लागलं. एवढ्या एका शब्दाची जेवढी लाज वाटली, तेवढी मला आयुष्यात कशाची वाटली नव्हती. घागर तशीच अर्धी घेऊन मी खळ्यावर गेले.

पेलेत आधी कापलेल्या जवाची मळणी करत होता. बैल गोल फिरत होते, मधूनच खाली वाकून तोंडभर जव उचलत होते.

"तिला घे," मी म्हटलं, "नाहीतर सोड."

"आलीस का पुन्हा? अगं, तिला घरात खायला मिळत नाही का?"

"या बैलालाही मिळतं. त्याला मळणीच्या वेळी मुसकी घालायची नाही एवढं तुला कळतं, मग तिला कशाला घातलीस?"

त्याची बायको हेला पेंढ्या सोडत होती. तिनं मान खाली घातली. तिला दोष नाही, तीन पोरांची आई, तिला आपल्या पोरांचं बघायचं. पेलेतनं हातातली काठी फेकली.

"आई, तू नक्की कोणाची आई आहेस?"

"दोघांची. एकाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या बाजूनं मी बोलते."

तिथून मी ओझेरच्या दारात गेले. तो अंजीर वाळत घालत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, विचार कर. त्या घरात तूही राहतेस. नाव पडलं की तुझ्याही दाराला लागेल. आणि वहाण काढली की एल्यादचं नाव कायमचं गेलं, मग मागं कोणी नाही."

हे दुसरं त्यानं बोलायला नको होतं. तीन वर्षं मी होगलेला धरून ठेवलं ते त्याच एका आशेवर. म्हणजे मुसकी एकट्या पेलेतनं घातली नव्हती, दुसरं टोक माझ्याच हातात होतं. पण हे मी त्याला कशाला सांगू?

"माझ्या दाराला काय लागायचं ते माझं मी बघेन," मी म्हटलं. "तुम्ही परवा कट्ट्यावर या, भावजी. आणि कमरेत उसण भरली वगैरे सांगू नका."

आणि आता ते सगळे कट्ट्यावर बसले होते, आणि माझा मुलगा अनवाणी उभा होता.

पंचांची कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला, वहाण नाही तर विधी नाही. दुसरा म्हणाला, पुढच्या महिन्यात बसू. ओझेरनं माझ्याकडे पाहिलं, सुटल्यासारखं.

पेलेत एक गोष्ट विसरला होता. लहानपणी शेळ्या राखायला जायचं नसलं की तो वहाणा लपवायचा. कधी चाऱ्यात, कधी रांजणामागं. "आई, वहाणच नाही, कसा जाऊ?" असं म्हणून दारात असाच उभा राहायचा, अगदी असाच हसत. आणि मी कोणाची मुलगी? माझे वडील चामडं कमवायचे. आमच्या घरात आजवर विकतची वहाण आलेली नाही. आदल्या दिवशी दुपारी गच्चीवर बसून मी बैलाच्या कातड्यातून त्याचा जोड कापला होता. माप घ्यावं लागलं नाही.

मी पदराखालचं गाठोडं सोडलं आणि उजव्या पायाची वहाण बाहेर काढली. नवी, पिवळी, तेलाचा वास येणारी.

पंचांनी माना पुढं काढल्या. मग बायकांच्या घोळक्यातून एक जण फस्सकन हसली.

"ही माझी नाही," पेलेत म्हणाला.

"तुझ्या मापाची आहे, तुझ्या आईनं शिवली आहे. मग कोणाची? ओझेर भावजींची? बघा हो भावजी, येते का तुमच्या पायात."

"वहिनी, एकच?" ओझेरनं विचारलं.

"उजवीच काढायची असते ना? मग डावी आणून काय करू?"

आता सगळेच हसत होते, पेलेत सोडून. मी त्याच्यापुढं जाऊन गुडघे टेकले. माझे गुडघे आता वाकत नाहीत, कोणासमोर तर नाहीच नाही, पण त्या दिवशी वाकले. त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला. तो झटकून टाकू शकला असता. झटकला नाही. घोट्याच्या वर तो वण होता, विळ्याचा. सहा वर्षांचा होता तेव्हाचा.

"हा कसला वण, आठवतंय?" मी हळू विचारलं, त्याच्यापुरतं.

त्यानं मान वळवली.

"रानातून घरापर्यंत पाठीवर कोणी आणलं तुला? सगळा अंगरखा रक्तानं भिजला होता त्याचा."

"आई, बास."

मी वादी घोट्याभोवती गुंडाळायला लागले. सावकाश. एक वेढा घातला, सोडला, पुन्हा घातला. बघणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारीचे हात थरथरतात. माझे हात थरथरत नाहीत. मी त्याला वेळ देत होते. एक शब्द बोलायचा होता त्यानं, की घेतो तिला. मी तिथल्या तिथं ती वहाण त्याच्या पायात ठेवली असती, डावी धावत जाऊन आणली असती, आणि वर्षभरात कदाचित घरात एल्याद म्हणून हाक मारता आली असती.

ओझेरलाही ते कळलं असावं. त्यानं घसा खाकरला. "पेलेत, शेवटचं विचारतो. भावाचं घर उभं करणार का?"

पेलेतनं वेशीबाहेर पाहिलं. तिथून झऱ्याजवळचं रान दिसतं. जव पिकून पिवळे झाले होते.

"नाही," तो म्हणाला. "मला तिला घ्यायचं नाही."

मी गाठ आवळली आणि उठले. "ये गं," मी होगलेला म्हटलं.

माझी गाठ आजवर कोणाला सुटलेली नाही. मालक सुरीनं कापायचे. होगलेनं ती दोन बोटांनी सोडवली, कारण तीन वर्षं माझ्याशेजारी बसून तिनं माझं सगळं काम उचललं होतं, मी शिकवलेलं आणि न शिकवलेलंही. वहाण काढली, बाजूला टाकली, आणि त्याच्यासमोर थुंकली. जे शब्द म्हणायचे असतात ते तिनं त्या मोठ्या आवाजात म्हटले, पार द्राक्षमळ्यांपर्यंत ऐकू जातील असे. मग पंचांनी नाव उच्चारलं, आणि रिवाजाप्रमाणे साऱ्या वेशीनं ते मागून म्हटलं, "वहाण काढलेल्याचं घर!"

मीही म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं.

पेलेत आला तसाच अनवाणी परत गेला.

मी निरोप धाडला आणि तिसऱ्या दिवशी कुंभार तिला न्यायला आला. गाढव आणलं होतं, ती त्यावर बसली नाही. मी तिच्यासाठीही एक जोड शिवला होता. कातडं जास्त लागलं, तसं तिला बोलूनही दाखवलं. ती वाकून वादी बांधत म्हणाली, "आई, मला मुलगा झाला तर नाव एल्याद ठेवू?"

"काही नको. त्या माणसाच्या बापाचं ठेव. त्यानं काय आमच्यासाठी घर मांडलंय?"

"मग त्यांचं नाव कोण घेणार?"

"मी मेले का अजून? जा आता. ऊन चढेल."

ती उतारावरून गात गेली. सूर नेहमीसारखाच भलतीकडे. वळणापर्यंत ऐकू येत होता, त्याच्यापुढंही थोडा वेळ.

पेलेत तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. एकाच अंगणात राहतो, हेला माझी भाकरी पोरांच्या हाती पाठवते. रोज सकाळी तो माझ्या दारावरून जातो, झऱ्याकडच्या रानात, जुन्या वहाणा पायात घालून. चाऱ्याखाली लपवल्या होत्या, मला ठाऊक होतं. वादी काही तुटलेली नव्हती. आता मात्र खरंच तुटायला आली आहे.

परवा मीठ विकणारा एक परगावचा माणूस अंगणात आला. चाचरत म्हणाला, "बाई, ते... वहाण काढलेल्याचं घर ते हेच का?"

"हेच," मी म्हटलं. "आणि ती वहाण मी शिवली होती. मीठ दाखव, ओलं असेल तर घेणार नाही."

डावी वहाण दाराशी खुंटीवर आहे. ती कोणी मागितली नाही आणि मी कोणाला दिली नाही. आठवड्यातून एकदा काढते आणि तेल लावून ठेवते, चामडं कडक होऊ नये म्हणून.