कस्तुरीचा झगा

रेशमाच्या अळ्यांना उग्र वास चालत नाही. आमच्या गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण राजवाड्यातल्या शहाण्यांना कोण सांगणार?

वसंतात सम्राज्ञीने आपल्या हाताने तुतीची पानं तोडायची आणि अळ्यांना घालायची, हा रिवाज. गेल्या वर्षी निम्म्या अळ्या मेल्या. तेव्हापासून उपराणी तांगची माणसं कुजबुजत होती, हिचा पायगुण वाईट, हिला काढा. यंदा मेल्या असत्या तर काढलंच असतं.

मी सम्राज्ञी यिन्झूची दाई. माझ्या अंगावर प्यायलेली पोर ती. त्या सकाळी तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. खिडकी, दार, पुन्हा खिडकी.

"बस गं जरा, तुझ्याकडे बघून मला घेरी यायला लागली."

"कशी बसू, दाई? हे बघ काय आलंय."

समारंभात घालायला सम्राटांनी झगा पाठवला होता. घडी उलगडली तर कस्तुरीचा हा भपकारा! मेली ती तांग, सल्ला कोणाचा ते मला कळत नाही की काय?

"घातला तर अळ्या मरतील," यिन्झू म्हणाली. "नाही घातला तर सम्राटांचा अपमान. काय करू गं?"

"अंगणात घाल, पानं तोड. अळ्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर उतरव. अळ्या जगल्यावर कोण विचारतंय?"

"नक्की?"

"अगं, आयुष्य गेलं माझं अळ्यांत!"

तिने तसंच केलं. झगा माझ्या हातात दिला आणि साध्या कपड्यांत आत गेली. अंगणातल्या सगळ्या बायका बघत होत्या. समारंभाचा कारभारी, म्हातारा खोजा लुओ, माझ्या कानाशी आला. "दाई, हे काय करून बसलात?"

"तुम्हाला काय कळतंय अळ्यांतलं?" मी फणकारले.

अळ्या जगल्या, एकूण एक. कोष असे टपोरे, की मी नाचायची तेवढी बाकी होते.

कोष उकळायच्या आतच हुकूम आला. सम्राटांनी दिलेलं वस्त्र चारचौघांत उतरवलं म्हणून यिन्झूची रवानगी उत्तरेच्या ओसाड महालात. अळ्यांचं कोणी नावही काढलं नाही. जाताना तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "कोष चांगले आलेत ना, दाई?" एवढंच विचारून गेली.

त्याच रेशमाचं कापड आता माझ्या मांडीवर आहे. नव्या सम्राज्ञीचा, तांगचा, झगा शिवायचाय. टाका वाकडा पडतो, मी उसवते, पुन्हा घालते.