पाळण्याला लावलेला मायक्रोफोन

माझा नवरा मधमाश्यांच्या पेट्यांना कान लावून पोट भरतो. कान म्हणजे मायक्रोफोन. त्याचे स्वतःचे कान फारसे वापरात नाहीत. पेटीत अळ्यांची निगा नीट चालली असेल तर म्हणे कामकरी माश्यांची गुणगुण सलग आणि खालच्या पट्टीत राहते. राणी नाहीशी झाली की सगळं पोळं विव्हळल्यासारखं घोंघावतं. त्याच्या संगणकाला हा फरक कळतो आणि पडद्यावर हिरवी किंवा लाल रेघ उमटते. पेटी न उघडता आतल्या पिल्लावळीची खुशाली कळते म्हणून संस्थेत त्याची वाहवा होते.

मी कानाच्या दवाखान्यात लोकांना किती ऐकू येतं ते तपासते. म्हणजे तपासायचे. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि सोमवारी हजर झाले नसते तर माझ्या खुर्चीत दुसरी कोणी बसली असती. मला जायचं होतं. बाळावर जीव होता आणि तरीही जायचं होतं, हे सांगायची मला लाज वाटत नाही.

"मी नको म्हणत नाही," नवरा म्हणाला. "पण बाळाला सांभाळणं माझ्या आईला एकटीला जमेल का, ते मोजून ठरवू."

त्याने पाळण्याला मायक्रोफोन बांधला. तोच संगणक, तीच रेघ. माणसाचं बाळ आणि माशीची अळी यांत काही फरक असावा, असं मी म्हणून पाहिलं.

"निगा ती निगा," तो म्हणाला.

सासूबाई गप्प होत्या. त्या तोंडाने कमी बोलतात, भांड्यांनी जास्त. त्या दिवशी भांडीही गप्प होती, म्हणून मी धरून चालले की त्या मुलाच्याच बाजूच्या.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम घराबाहेर राहिले. परत आले तर पडदा लालभडक. सासूबाईंनी दिवसभर बाळाला गाणी म्हणून दाखवली होती आणि संगणकाचं मत पडलं होतं की पोळ्यात राणी नाही. बाळ त्यांच्या मांडीवर बसून त्यांचा चष्मा मजेत चाटत होतं.

"बघितलंस?" नवरा म्हणाला.

जेवताना सासूबाईंनी सहज विचारलं, "चांगल्या पेटीचा आवाज असतो तरी कसा रे?"

त्याच्या कामाबद्दल घरात पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. तो असा खुलला की ताटातलं गार होईपर्यंत गुणगुणून दाखवत राहिला. सासूबाई मान डोलवत होत्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, नवरा पेट्यांकडे गेला आणि मी पुन्हा बाहेर. संध्याकाळी पाहते तर हिरवी रेघ, सकाळपासून एकदाही न ढळलेली.

"आई शिकली," नवऱ्याने निकाल दिला. "हा आलेख मी सोमवारी संस्थेत दाखवणार."

तो आंघोळीला गेला. त्याने रेघ पाहिली होती; संगणकात साठलेला दिवसभराचा आवाज ऐकावा हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझं पोट मात्र ऐकण्यावरच चालतं. मी हेडफोन चढवला.

कपडे धुण्याचं यंत्र. पाणी भरतंय, घुमतंय, सोडतंय, पुन्हा भरतंय. पाळणा नेऊन थेट त्याला टेकवलेला असावा. अधूनमधून बाळाचं खिदळणं. आणि मग अगदी जवळून सासूबाईंचा दबका आवाज:

"बापाला हाच आवाज कळतो, तर हाच घेऊ दे. तुझी आई जाईल कामावर. माझ्या वेळी मला कामावर जायचंय का, हे कोणी विचारलंसुद्धा नव्हतं."

माझे डोळे भरून आले. लग्न झाल्यापासून या बाईंना मी विरुद्ध पक्षात धरत आले होते.

हेडफोन जागेवर ठेवला. नवरा बाहेर आल्यावर त्याला म्हटलं, आलेख उत्तम आहे, जरूर दाखव. स्वयंपाकघरात सासूबाई ताटं घेत होत्या. मी त्यांच्या हातातली ताटं घेतली, तर म्हणाल्या, "सोमवारी लवकर निघ. पहिल्याच दिवशी उशीर नको."

सोमवारी मी कामावर गेले. नवरा आलेख घेऊन संस्थेत गेला, ओला शर्ट घालून. घरातला एकूण एक कपडा यंत्रात जाऊन आला होता, खिडक्यांच्या पडद्यांसकट.