पुलासाठी पाच सेंट

कापूस फुटला की आमच्या काउंटीत ट्रकांची रांग लागते. मी सरकी काढायच्या जिनावर वजनकाट्याशी बसतो, त्यामुळं कोण किती वजनाचा आहे हे मला कापूस उतरायच्या आधीच कळतं. त्या साली मात्र सगळे ट्रक अठरा मैलांचा वळसा घालून आले. ऑटर ओढ्याच्या खिळखिळ्या पुलाला काउंटीनं पाटी ठोकली होती: तीन टनांवरचं वाहन नेऊ नये.

पुलाच्या तोंडाशीच लुएला प्रुइटचा पंप. नवरा गेल्यापासून पेट्रोल-डिझेल, कॉफी आणि सकाळची सॉसेज भरलेली पावासारखी बिस्किटं, सगळं एकटीच्या जिवावर. पाटी लागली आणि ट्रक आटले, उन्हाळ्यात ओढा आटावा तसे.

काउंटीनं तोड काढली: पेट्रोल-डिझेलच्या गॅलनमागं पाच सेंट नवा कर, त्यातून नवा पूल. पण लुएलाच्या पंपामागं चार मैलांवर काउंटीची हद्द संपते. पलीकडच्या पंपावर हा कर नाही.

"कर आला तर गिऱ्हाईक हद्दीपल्याड जाईल," माझ्या कपात कॉफी ओतत लुएला म्हणाली. "न्हाई आला तर पूल ओढ्यात जाईल. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. सांग क्लीटस, काय करू?"

"काउंटीच्या सभेला जा. तिथं तीन मिनिटं फुकट बोलायला मिळतं."

"तुझ्यासारखा सल्लागार आसल्यावर दुश्मन कशाला पायजे!"

पण गेली. कोर्टाच्या दालनात दाराशी दोन कागद ठेवलेले: एक कराच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा, एक विरोधात. विरोधाचा कागद नावांनी भरून मागच्या पानावर गेलेला, बाजूचा कोरा. लुएला पेन्सिल घेऊन इतका वेळ उभी राहिली की मागचा म्हातारा म्हणाला, "मिस लुएला, नाव आठवंना का?" तिनं कोऱ्या कागदावर नाव लिहिलं.

आधी ऑर्व्हिल स्टेगॉल उठला. सातशे एकरांचा धनी, आवाज त्याहून मोठा. "ह्या करानं शेतकरी मरंल! पार मातीत जाईल!" टाळ्या पडल्या, घंटी वाजली, तरी बसेना.

मग लुएला. "ऑर्व्हिल, तुझ्या ट्रॅक्टरात बिनकराचं, रंग घातलेलं लाल डिझेल. शेताच्या डिझेलवर रस्त्याचा कर न्हाईच. मग तू मरतोस कुठनं?"

"माझा पिकअप हाय की! तो रस्त्यावरच पळतो!"

"रस्त्यावर गुन्हा आसून त्यात बी लाल डिझेलच घालतोस. टाकीच्या तोंडाला रंग हाय. आत्ता येताना बघितला."

ऑर्व्हिल डिझेलपेक्षा लाल झाला. हसू मात्र कुणाला फुटलं नाही. उलट निम्म्या दालनाला एकदम खोकला आला. बाहेर उभ्या पिकअपांपैकी किती टाक्यांच्या तोंडाला तोच लाल रंग होता, हे मला विचारू नका.

"मला बी पाच सेंट जड हायत," लुएला म्हणाली. "पण रस्ताच मेला तर मी डिझेल काय बेडकांना विकू?" घंटी वाजली. ती बसली.

काउंटीच्या पाच सदस्यांनी तीन विरुद्ध दोन मतांनी कर पास केला.

लोकांनी तिचं अभिनंदन केलं आणि दुसऱ्या दिवसापासून हद्दीपलीकडं टाक्या भरल्या. ऑर्व्हिल तर तिच्या पंपासमोरनं हात हलवून जायचा.

वसंतात ठेकेदाराची माणसं आली. पहिल्या दिवशी त्यांनी पंपापासून वीस पावलांवर आडवा अडसर ठोकला: रस्ता बंद, अठरा महिने. आता ट्रकच काय, तीन टनांखालचं चिटपाखरूही जाईना.

मुकादमानं टोपी काढली. "जुना पाडल्याबिगर नवा बांधायचा कसा, मिस लुएला?"

"ते कळलं. तुमच्या खडीच्या ट्रकांना डिझेल तरी इथं भरशीला का न्हाई?"

तो टोपी फिरवत राहिला. "मालक म्हनतो, हद्दीपल्याड भरून या. पाच सेंट सस्त पडतंय."

लुएला आत गेली, बिस्किटं भट्टीतून काढली, त्याच्या आठ माणसांना वाढली. मग फळ्यावरचा कॉफीचा भाव ओल्या फडक्यानं पुसला आणि खडूनं नवा लिहिला.

मुकादम पैसे मोजताना थबकला. "मघाशी फळ्यावर डॉलर हुता. आता पाच सेंट जादा कशाचं?"

"पुलाचं," लुएला म्हणाली, आणि हात पुढं केला.