टाचेतला काटा

"पायाचा रोग डोक्यात कसा गेला, बाई?" बानाबाईनं विचारलं. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हेच तिला कळत नव्हतं.

तिचा नवरा मुंजाबा आत वॉर्डात पडून होता. डॉक्टर सदफ बाहेरच्या बाकड्यावर तिच्याशेजारी बसली. "मावशी, हा कातडीचा कॅन्सर रक्तातून फिरतो. मेंदूला तशी वेगळी राखण असते. तिथल्या रक्तवाहिन्यांची वीण लई घट्ट असते, नको ते आत येऊ देत नाही."

"वाघुरीवानी?" मेंढरं बसवल्यावर भोवतीनं लावायची जाळीची वाघूर बानाबाईनं जन्मभर विणली होती.

"हां, तशीच. पण या पेशी जाळ्याला चिकटून बसतात, वीण सैल करतात आणि आत शिरतात."

"मंग त्यांच्या मागं औषध सोडा की."

सदफनं मान खाली घातली. "आमची बरीच औषधं त्या जाळ्याबाहेरच अडतात, मावशी."

"म्हंजी लांडगा आत अन् कुत्रं भायेर. चांगली राखण हाय!"

दुष्काळाच्या साली देवगाव रंगारीकडचं गवत संपलं, तेव्हा मुंजाबानं मेंढरं वाळूजकडं वळवली होती. आदल्या वर्षीच्या माळावर आता प्लॉट पडले होते. तारांना वळसे घालत दिवसभर चालणं, त्यात टाचेत काटा मोडला. काटा निघाला, काळा ठिपका मात्र राहिला. बानाबाईनं रीतीप्रमाणं बिब्बा तापवून चटका दिला. बिब्ब्याचा डाग काळाच असतो, त्यामुळं ठिपका पसरला तेव्हा तिनं आणखी एक चटका दिला. टाच चिघळून रक्त यायला लागलं, तेव्हा कुठं दवाखाना.

"बिब्ब्यानं झालं का वं हे?" तिनं आता हळूच विचारलं.

"नाही, मावशी. बिब्ब्यानंही नाही आणि काट्यानंही नाही."

"पर त्या काळ्यात हे काळं दिसलं नाय."

सदफनं बानाबाईचा हात धरला.

आत मुंजाबा जागा झाला होता. त्याचा उजवा हात लुळा पडला होता, सकाळपासून तो बायकोला आई म्हणत होता. आता मात्र त्यानं तिला ओळखलं.

"बाने, टाचंत काटा हाय. काढ की."

"तितं काय नाय वं. डॉक्टरनं समदं कापून काढलंय."

"लई सलतोय गं!" तो पाय झाडायला लागला. एवढा दांडगा माणूस लेकरासारखा रडायला लागला, ते तिला बघवेना. तिनं बांगडीतली पिन काढली, टाच मांडीवर घेतली आणि पिनेच्या बोथट बाजूनं ऑपरेशनचा व्रण हलकेच कोरल्यासारखं केलं.

"निघाला?"

"निघाला."

"दाव."

तिनं रिकामा तळवा पुढं केला. त्यानं तो निरखून पाहिला.

"मोठा व्हता," तो म्हणाला. "लांब टाक. मेंढराच्या पायात जाईल."

मेंढरं विकून वर्ष झालं होतं. बानाबाईनं मूठ मिटली, उठून खिडकीपाशी गेली आणि हात बाहेर काढून तो काटा लांब फेकून दिला.