नसीमबीची धार

बेंबळीत चाँदपाशा खरादीच्या हाताला जेवढा मान होता, तेवढाच त्याच्या बायकोच्या धारेला होता. चाँदपाशा लेथवर लाकूड उतरवायचा आणि नसीमबी पलीकडं दगडावर त्याच्या पटाश्यांना धार लावायची. लग्न होऊन आली तेव्हा तिनं गंमत म्हणून एक पटाशी दगडाला लावून बघितली होती, आणि तेव्हापासून ते काम तिचंच झालं. बाजेचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, भोवरे, दुकानातून जे काही बाहेर पडे त्यात अर्धा हात नसीमबीचा, असं तो गिऱ्हाइकांना आपणहून सांगायचा. पटाशी त्याच्या हातात देताना ती नख टेकवून धार बघायची आणि म्हणायची, "घ्या, दाढी करा."

गेल्या हिवाळ्यात मात्र धार बिघडायला लागली. पटाशी एका बाजूला खाल्लेली आणि दुसऱ्या बाजूला जाड राहायची. चाँदपाशाला आधी वाटलं दगड झिजला असेल. मग एक दिवस त्यानं तिला तांदूळ निवडताना बघितलं. ताट अगदी नाकाशी धरलेलं आणि खडे तसेच मागं राहिलेले. मोतीबिंदू झाला होता. ती कबूल करत नव्हती आणि ऑपरेशनचं नाव काढलं की उठून आत जायची.

चाँदपाशाला तिला काही बोलवेना. त्यानं आपला एक रस्ता काढला. पहाटे फजरची नमाज झाली की तो थेट दुकानात जायचा, तिनं आदल्या दिवशी लावलेल्या पटाश्यांना परत धार लावायचा आणि त्या होत्या तशा मांडून ठेवायचा. मग नसीमबी चहा घेऊन आली की म्हणायचा, "काय धार लावलीस गं! लोण्यासारखं कापतंय."

तोवर हरणाबाईचं काम आलं. तिचा बचत गट कडक भाकरी करून विकायचा. स्टीलच्या परातीत पीठ मळताना परात घरभर पळते, म्हणून बायांना लाकडाच्या काठवटी हव्या होत्या. लाकूड निंबाचं आणि बाभळीचं, चांगलं वाळलेलं. काठवटीसाठी चौकोनी ठोकळा लेथवर चढवला की पहिलं काम त्याचे कोपरे मारायचं. तेच सगळ्यात दांडगं. फिरता कोपरा पटाशीवर आदळतो तो थेट खांद्यात जातो. त्यात वाळलेली बाभूळ धार खाऊन टाकते. पहाटेची धार चहाच्या वेळेपर्यंत टिकेना, आणि नसीमबीसमोर दगडाकडं जायची सोय नाही. चाँदपाशा बोथट पटाशीनंच रेटायचा आणि संध्याकाळी तोंडात घास घालायला हात वर उचलवत नसे.

ईदला त्याचा भाचा आरिफ पुण्याहून आला. तिकडं तो हत्यारांच्याच कारखान्यात होता. मामाचा खांदा बघून तो परत गेला आणि पुढच्या सुट्टीला एक हत्यार घेऊन आला. चौकोनी लोखंडी दांडा, लांब मूठ, आणि टोकाला स्क्रूनं बसवलेली नखाएवढी चौकोनी टिकली.

"कार्बाइड हाय, मामू, लोखंडाहून कडक. हिला दगड लावायचाच न्हाय. एक कड गेली की स्क्रू ढिला करायचा, टिकली फिरवायची, की नवी कड."

चाँदपाशानं दांडा लेथच्या आडव्या पट्टीवर सपाट ठेवला, टोक ठोकळ्याच्या मधोमध धरलं आणि हळूच पुढं सरकवलं. बाभळीचे कोपरे टरटर उडायला लागले. खांद्याला धक्का असा जाणवलाच नाही. बघता बघता ठोकळा गोल झाला. त्यानं मोटार बंद केली, लाकडावरून हात फिरवला, आणि मग त्याची नजर पलीकडच्या दगडाकडं गेली.

"ठेव तिकडं पोत्यात," तो म्हणाला.

"का? आवडलं न्हाय?"

"लई आवडलं. पर तुझ्या मुमानीनं मग काय करायचं?"

हत्यार पोत्यात गेलं.

पुढं एका सकाळी नसीमबी लवकर उठली आणि चहा न करताच दुकानात आली. चाँदपाशा घाईघाईनं पटाशी खाली ठेवून लाकूड बघत असल्यासारखा उभा राहिला. नसीमबी आपल्या जागेवर बसली आणि तिनं दगडावर हात ठेवला.

"दगड गरम कसा वो?"

"ऊन आलं आसंल."

"अजून उजाडलं न्हाय नीट."

तिनं पटाशी उचलून नख टेकवलं.

"कवापासनं?"

"थंडीपासनं."

"आन् मला सांगितलं न्हाय."

"तुला वाईट वाटलं आसतं."

"मग आता काय गोड वाटतंय?" तिनं पटाशी खाली ठेवली. "काल आरिफचा फोन होता. मुमानी, मामू ते नवं हत्यार वापरतात का म्हून इचारत होता. म्या म्हटलं, कुठलं हत्यार? मी काय दगड बघून तुमच्या घरात आले व्हय? माझं काम गेलं तर मी दुसरं काढीन. तुमचा खांदा गेला तर दुसरा कुठनं आणू?"

चाँदपाशा तिच्या शेजारी भुशात बसला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदरानं त्याच्या दाढीतला भुसाही झटकला.

"काढतो बाहेर," तो म्हणाला. "पर तू डोळं करून घ्यायचं."

"भ्या वाटतंय मला."

"मी हाय की संगं."

डोळ्यांच्या शिबिरात ऑपरेशन झालं तेव्हा तो दाराबाहेर तिच्या चपला हातात धरून बसला होता. कुणीतरी खाली ठेवा म्हणालं तरी त्यानं ठेवल्या नाहीत. पट्टी निघाली तेव्हा नसीमबीनं त्याच्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, "या अल्ला, तुमी एवढं म्हातारं कवा झालात?" सगळा वॉर्ड हसला.

डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं, तेवढे दिवस ती घरात राहिली. चाँदपाशा एकटाच नव्या हत्यारानं कोपरे मारायचा आणि संध्याकाळी तिला सगळं सांगायचा. हत्यार चांगलं होतं, पण एक खोट होतीच. ते लाकूड खरवडत काढायचं, त्यामुळं काठवटीचे रेशे उभे राहायचे. शेवटचा हात चांगल्या धारेच्या पटाशीनंच फिरवावा लागायचा. हे ऐकल्यावर नसीमबीचा चेहरा असा काही खुलला की चाँदपाशानं ती खोट दुसऱ्या दिवशी परत सांगितली.

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर ती दुकानात आली, डोळ्यांवर मोठा चष्मा, पदर घट्ट खोचलेला. आधी तिनं सगळ्या पटाश्या काढून एकेकीला धार लावली. मग लेथपाशी येऊन उभी राहिली.

"ते मला द्या."

"तुला?"

"कोपरंच मारायचं हायत न्हवं?"

इतक्या वर्षांत तिनं लेथला कधी हात लावला नव्हता आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं, हे चाँदपाशाला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं. त्यानं हत्यार तिच्या हातात दिलं.

"सपाट धर. मूठ वर करू नगंस. दाबू नगंस, आपसूक कापतंय."

मोटार सुरू झाली. पहिल्याच फटक्याला तिनं जरा जास्त रेटलं, हत्यार खाडकन उसळलं, आणि चाँदपाशाचा हात बटणाकडं गेला. पण तिनं मूठ सोडली नव्हती. तिनं एक पाय मागं घेतला, हात मांडीशी टेकवला आणि परत पुढं सरकली. निंबाचे काप उडून तिच्या पदरावर, चष्म्यावर पडायला लागले. हळूहळू खडखड थांबून एकसारखा आवाज यायला लागला.

हरणाबाई काठवटी न्यायला आली तेव्हा दुकानात वेगळीच मांडणी होती. नसीमबी लेथवर ठोकळे गोल करत होती आणि चाँदपाशा पटाशी घेऊन आपल्या पाळीची वाट बघत बाजूला उभा होता.

"काय वो भाऊ, आता तुमी रिकामं का?" हरणाबाई हसून म्हणाली.

"मालकीण सोडंल तवा माझं काम," चाँदपाशा म्हणाला. आपण हसतोय हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बोलता बोलता तो काठवट बघायला वाकला.

नसीमबीनं मानही वळवली नाही.

"सरका तिकडं," ती म्हणाली, "उजेड आडवू नका माझा."