कृत्तिका ऐकणारी छत्री

मी एक जुनी जाळीची छत्री आहे, मित्रांनो. पावसात डोक्यावर धरायची नव्हे. पाऊस तर माझ्यातून आरपार जातो. मी टीव्हीची छत्री. आठ फूट रुंद, अंगावर जागोजागी ठिगळं. सेलूजवळच्या एका शाळेच्या मागे, हरभऱ्याच्या वावराला लागून, मी तोंड आभाळाकडे करून बसलेली असते.

माझं तरुणपण केबलवाल्या बापूरावांच्या गच्चीवर गेलं. क्रिकेटचा सामना असला की अर्धं गाव माझ्या भरवशावर असे. मग घरोघरी लहान छत्र्या आल्या आणि मला खाली उतरवलं. पुढची नऊ वर्षं मी परसात पालथी पडून होते. माझ्यावर मिरच्या वाळत, खाली कोंबड्या बसत. आपला उपयोग संपला, असं मी मनाशी धरून चालले होते.

तिथून मला शाळेतल्या रीता मॅडमांनी उचलून आणलं. माझ्या तोंडापुढे त्यांनी पत्र्याचा डबा बसवला, त्यातून तार काढून संगणकाला जोडली. त्या मुलांना सांगत, तारे हायड्रोजन वायूतून जन्मतात आणि त्या वायूची फार बारीक रेडिओ हाक येत असते. डोळ्यांना ती दिसत नाही, छत्रीला ऐकू येते. त्यांनी बारा तारकागुच्छांची यादी केली. कोणत्या गुच्छाभोवती किती वायू आहे, ते आम्ही नोंदवायचं ठरलं. मी तोंड एका जागी धरून ठेवायचं, पृथ्वी फिरत राहते आणि आभाळ आपणच माझ्यावरून सरकत जातं. इतक्या उशिरा मला नवी लिपी शिकायला मिळाली. अक्षर अक्षर लावून वाचावं तसं मी आभाळ वाचू लागले.

अकरा गुच्छ झाले. उरल्या कृत्तिका. जानेवारी संपताना त्या दिवेलागणीनंतर थेट माझ्या डोक्यावर येत होत्या. पहिल्याच संध्याकाळी माझ्या तारेतून आवाज आला. टिक. टिक. टिक. सेकंदासेकंदाला एक.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. काही तारे असे ठेक्यात बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. मुलांनी तर नाच केला. दुसऱ्या दिवशी माझं तोंड कृत्तिकांवरून बाजूला वळवलं, तरी तीच टिकटिक. उत्तरेला तीच, दक्षिणेला तीच. सगळ्यांचे चेहरे उतरले. म्हणजे आवाज आभाळातून येत नव्हता, माझ्यातूनच येत असणार. माझा एकेक बोल्ट आवळला, तार बदलली, डबा बदलला. टिकटिक थांबेना.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, छत्रीच खराब आहे. शनिवारी सिंदी मेघेहून भंगारवाला येणार आहे. शुक्रवारपर्यंत बघा."

मित्रांनो, त्या आठवड्यात वारा सुटला की माझी जाळी थरथरे आणि मला वाटे, हाच तो आवाज. मी खोटं सांगणारी झाले की काय? आधीच्या अकरा नोंदीही मीच दिल्या होत्या. त्या तरी खऱ्या होत्या का?

गुरुवारी संध्याकाळी वावराच्या मालकीण सुलोचनाबाई शाळेच्या नळावर पाणी भरायला आल्या. मॅडमांनी स्पीकर लावलेला होता. बाई दारातच थांबल्या.

"अवो मॅडम, आमच्या झटका मशीनचा आवाज तुमच्या डब्यात काऊन येऊन राह्यला?"

"कोणतं मशीन?"

"डुकरासाठी लावलं ना! हरभऱ्याले घाटे धरले तवापासून. कुंपणाच्या तारेतून असाच टिकटिक झटका जाते."

मॅडम कपाळाला हात लावून हसल्या. प्रत्येक झटक्यासोबत रेडिओ लहर उठत होती आणि मी ती पकडत होते. मग हसू थांबलं. मशीन बंद केल्याशिवाय कृत्तिका ऐकू येणार नव्हत्या, आणि दिवेलागणीलाच नाल्यातून रानडुकरं निघत. बाईंचे यजमान तानबा कुंपणापाशी आले होते.

"वरच्या चांदण्यासाठी खालचा हरभरा डुकराले चारू काय?"

"चूप बसा जी," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मॅडम, उद्या एक घंटा. त्याच्यावर एक मिनिट नाई."

शुक्रवारी मशीन बंद झालं. मुलांनी मोबाईलही बंद करून टोपलीत टाकले. डुकरं येऊ नयेत म्हणून सगळे धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे राहून डबे वाजवत होते, हाऽऽ हाऽऽ ओरडत होते. त्या आवाजाचा मला त्रास नव्हता, मी फक्त रेडिओ ऐकते. टिकटिक थांबली होती. आता काहीच आलं नाही तर? बराच वेळ संगणकावरची रेघ सपाट होती. मग पडद्यावर ती हळूच वर आली, लहानशा टेकडीसारखी. कृत्तिकांभोवतीच्या वायूची हाक होती ती. मॅडमांनी माझ्या खांबावर हात ठेवला.

शनिवारी भंगारवाला दोन मोडके बाक घेऊन गेला. वावराचा नाल्याकडचा कोपरा मात्र डुकरांनी उकरला होता. मॅडम माफी मागायला गेल्या, तर सुलोचनाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. डुकरायलेबी झटक्याची सुट्टी भेटली."

परवा पलीकडच्या वावरातही झटक्याची नवी तार ओढली जाताना दिसली. तेव्हापासून माझा जीव पुन्हा थाऱ्यावर नाही. उद्या माझ्यातून काय ऐकू येईल आणि दोष कोणावर येईल?

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. एखादी जुनी वस्तू किंवा एखादं म्हातारं माणूस चुकीचं सांगतंय असं वाटलं, तर त्याला टाकून देण्याआधी आपल्या बाजूचं मशीन घंटाभर बंद करा. मग ऐका.